टेबलाच्या मुठी

कारखान्याचं दार ढकललं आणि खारूताईला आधी वाटलं, आपण चुकून शेजारच्या गाळ्यात शिरलो. भट्टी जागेवर होती, ऐरण जागेवर होती, भिंतीवर कानशी ओळीने टांगलेल्या होत्या. खिडकीखालचं तिचं टेबल मात्र नव्हतं. ते जिथे उभं असायचं तिथे फरशीवर पायांचे फिकट चौकोन उरले होते आणि शेजारी एका खोक्यात लाकडाचे ठोकळे रचलेले होते. सगळे एका मापाचे, सुरीच्या मुठीच्या मापाचे.

तिने एक ठोकळा उचलला. कडेला गुळगुळीत खोलगट भाग होता. पटाशी धरताना मनगट टेकून टेकून तिथलं लाकूड झिजलं होतं. मनगट तिचंच. एवढं कळायला तिला फार वेळ लागला नाही, आणि कळलं तसं डोकं असं तापलं की खांद्यावरची पिशवी कधी गळून पडली तेही समजलं नाही.

खारूताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी सारखी लाकूड कुरतडत बसायची म्हणून बापाने ठेवलेलं, ते गल्लीभर झालं. धाकटा भाऊ लोखंड तापवून सुऱ्यांची पाती घडवायचा आणि त्या पात्यांना मुठी बसवायची ती. अक्रोडाचं नाहीतर शिसवीचं लाकूड निवडायचं, तासायचं, हाताला बसेल असा गोल द्यायचा, मग त्यावर बारीक चर कोरून पितळेची तार ठोकायची. तिच्या मुठीवर पितळेची वेल अशी चढायची की गिऱ्हाईक पात्याची धार बघायचं विसरून आधी मूठच कुरवाळत बसायचं. हे काम पूर्वी बाबा करायचे. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून ते वरच्या मजल्यावर बसून गरम चहा आणि गार गप्पा यांवर दिवस काढत होते, आणि टेबलाशी ती उभी असायची.

मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती मावशीकडे राहायला गेली होती. तेवढ्यात हे.

"आलीस ताई? मावशी बरी आहे ना?" मागच्या दाराने भाऊ आला. याला सगळे भाता म्हणायचे. भट्टीचा भाता हलवतो म्हणून, आणि तोंडाने वारा फार घालतो म्हणूनही.

"टेबल कुठंय?"

"सांगतो ना. आधी हातपाय धू, चहा घे."

"टेबल कुठंय, भात्या?"

त्याने खोक्याकडे बघितलं, मग छताकडे. "अगं, तो काचेच्या शोकेसवाला दुकानदार नाही का, त्याची कल्पना. म्हणाला, साध्या लाकडाच्या मुठी कुणीही देईल. ज्या टेबलावर वडिलांनी उभं आयुष्य काम केलं, त्याच टेबलाच्या मुठी! प्रत्येक सुरीबरोबर कार्ड, त्यावर बाबांची गोष्ट, बाबांचा फोटो. लोक उड्या टाकतील. आणि टेबल काय, दुसरं आणू. तुला तर उलट नवं कोरं मिळेल."

"मला विचारलंस?"

"तू इथं होतीस का?"

"फोन मेला होता का तुझा?"

भात्याने पाय हलवला. "हे बघ, मी माझ्या मनाने नाही केलं. बाबांनीच सांगितलं, काप म्हणून."

ती तशीच जिना चढून वर गेली. बाबा खुर्चीत बसून शेंगा सोलत होते. सालं फरशीवर, दाणे मांडीवर. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला, आणि तो उजळलेला चेहरा बघून तिचं पित्त आणखीच खवळलं.

"टेबल कापायला तुम्ही सांगितलंत?"

"हो. का?"

"का?"

"अगं, जुनं झालं होतं. आणि माझंच होतं ना ते? मी बनवलं होतं, तुझ्या जन्माच्या आधी."

"बनवलंत तुम्ही. नाही कोण म्हणतंय? पण इतकी वर्षं त्याच्याशी उभं कोण होतं?"

"मग, होतीसच की तू," बाबा अगदी मायेने म्हणाले. "मदतीला."

मदतीला! तो शब्द तिच्या कानात उकळत्या तेलासारखा गेला. हातांना पडलेले घट्टे, नखांत कायमचा बसलेला लाकडाचा भुसा, तार ठोकताना फुटलेली बोटं, हे सगळं मदत. म्हणजे भाजी निवडून द्यावी, तशी.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मदत बंद. त्या ठोकळ्यांची एकही मूठ मी करणार नाही."

"बरं, बरं. उद्या बोलू," बाबा म्हणाले आणि दुसरी शेंग फोडली.

दोघा बापलेकांनी असंच धरलं की ताईचं डोकं गरम आहे, होईल गार. पण ती गार झाली नाही. रोज सकाळी खाली यायची, खिडकीपाशी हाताची घडी घालून उभी राहायची आणि भाऊ पाती घडवताना बघत राहायची. बोलायची नाही. भाता आधी खोटं खोटं हसला, मग चिडला, मग हातोडी उगाच जोरात आपटायला लागला. बिनमुठीची पाती ऐरणीमागे साचत गेली. आणि मग दुकानदार ठोकळ्यांचं काय झालं ते बघायला आला.

सोबत कॅमेरावाला होता. दुकानदार नीटनेटका, मऊ बोलणारा. बाबांना त्याने हाताला धरून जिन्यावरून खाली आणलं, खोक्याशेजारी स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, "एक मूठ करताना फोटो घेऊ. तुम्ही नुसती कानस धरा."

"नुसती कशाला? करूनच दाखवतो," बाबा म्हणाले. माणसाला कौतुक चढलं की हात थरथरतात हेही आठवत नाही.

त्यांनी ठोकळा शिकंज्यात धरला आणि खुंटीचं भोक पाडायला गिरमिट लावलं. गिरमिट तिरकं गेलं. खारूताईला ते दिसत होतं. एक पाऊल पुढे टाकून त्यांचं कोपर सरळ केलं असतं की झालं. तिने पाऊल टाकलं नाही. दात आवळून उभी राहिली. रागही त्यांचाच आणि काळजीही त्यांचीच, म्हणून ती स्वतःवरही चिडली. आत जुना खिळा होता. त्यावर गिरमिट अडखळलं, लाकूड तडकलं, टोक सटकून बाबांच्या तळहाताला लागलं.

भात्याची बायको आतून धावत आली. बाबांचा हात तिने ओल्या फडक्यात गुंडाळला. जखम फार नव्हती. कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली केला, पण दुकानदाराचं लक्ष भिंतीजवळच्या तयार सुरीकडे गेलं होतं. पितळेच्या वेलीवरून अंगठा फिरवत त्याने विचारलं, "हे तर यांचंच ना? हल्लीचं?"

भात्याने बाबांकडे बघितलं. बाबांनी हाताच्या फडक्याकडे बघितलं. एक शब्द, फक्त एक शब्द पुरला असता. तो बापाच्या तोंडून निघाला नाही आणि भावाच्याही.

"माझ्या नणंदेचं आहे," भावजय म्हणाली. "सगळ्याच मुठी त्यांच्या. यांना विचारा, का सांगत नाहीत ते."

खारूताईला बरं वाटायला हवं होतं. उलट अंगाचा जाळ झाला. परक्या घरातून आलेल्या पोरीला जे सांगता आलं ते या दोघांना नाही.

दुकानदार हसला. "अरे वा! मग कार्डावर लिहू, 'वडिलांचा वारसा जपणारी लेक.' आणखी छान."

"खोका द्या इकडे," ती म्हणाली.

"हां?"

तिने वाट पाहिली नाही. खोका उचलला आणि भट्टीत उलटा केला. वर्षानुवर्षं जवसाचं तेल प्यालेलं लाकूड ते, पेटायला कितीसा वेळ लागतो? भक्कन ज्वाळा उठल्या. भाता चिमटा घेऊन धावला, "वेडी झालीस का!" म्हणून ओरडला, एकदोन ठोकळे बाहेर ओढले, तेही जळकेच. ती भट्टीसमोर आडवी उभी राहिली.

"हात लाव, मग बघ," ती म्हणाली. "मदत करतेय. जुनं झालं होतं ना?"

दुकानदार कधी गेला ते कुणाला कळलं नाही.

पुढच्याच आठवड्यात तिने वखारीतून एक जाड फळी आणली आणि वरच्या मजल्यावर, स्वतःच्या खोलीत, खिडकीला लावून टेबल ठोकलं. हत्यारंही वर नेली. भाता बरेच दिवस तोंड फुगवून होता. त्याने बाजारातून प्लॅस्टिकच्या मुठी आणून बसवून पाहिल्या. त्या गिऱ्हाइकांनी हातात घेतल्या आणि परत ठेवल्या. शेवटी एका दुपारी तो फडक्यात पाती गुंडाळून दारात उभा राहिला.

"घे ना आता, ताई. किती ताणशील?"

"मुठीवर माझी खूण डागणार. खार. पात्यावरच्या तुझ्या शिक्क्याएवढी मोठी. आणि या खोलीतल्या कशालाही विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

"बरं."

"बरं नाही. हो म्हण."

"हो," तो म्हणाला. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा, पण म्हणाला.

संध्याकाळी बाबा आले. हातावर अजून व्रण होता. ती कानशीने अक्रोडाचा तुकडा घासत होती. त्यांनी टेबलाकडे बघितलं, फळीचा सांधा नजरेने तपासला, मान हलवली.

"बसू का जरा इथं?" ते म्हणाले. त्यांनी कधी तिची परवानगी मागितली असेल असं तिला तरी आठवत नव्हतं.

"आज नको, बाबा."

त्यांनी चौकटीवरचा हात काढला. मग भिंतीचा आधार घेत, एकेक पाऊल टाकत आपल्या खुर्चीकडे गेले. ती ऐकत होती. हाक मारावी असं मनात आलं, आणि ते मनात आल्याचाच तिला राग आला. कानस इतकी जोरात चालली होती की मुठीचा गोल एका बाजूला खाल्ला गेला. तिने तो तुकडा बाजूला टाकला आणि दुसरा घेतला.