धनाजीचं 'व्हय'

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. आहे म्हणायचं आपलं! माझं डोकं ढाब्याच्या गल्ल्यावर आहे आणि माझे पाय बाहेर, हात धुवायच्या बेसिनखाली. हायवेवरचे ट्रकवाले माझ्या पायांवर चुळा टाकतात. राग येतो मला. लोखंडाला राग येत नाही असं कोण म्हणतं?

माझी मालकीण धुरपताबाई. नळदुर्गच्या किल्ल्याजवळच्या गल्लीत तिचं घर. तिच्या वडिलांनी शेरडं विकून मला घेतलं आणि लग्नात लेकीबरोबर सासरी धाडलं. हातावरची मेंदी उतरली नाही तोच एकाहत्तरची लढाई पेटली. सोलापूरहून ट्रकनं खाकी कापडाचे तागे आले. शाळेच्या मोठ्या खोलीत आम्हा मशिनींची रांग लागली आणि गावच्या बायका जवानांचे सदरे शिवायला बसल्या. माझ्या शेजारी आमच्याच गल्लीतल्या सायराबीची मशीन. पाय दुखून आले की दोघी एकमेकींना चिडवायच्या, पोटभर हसायच्या आणि पुन्हा पायडल मारायला लागायच्या.

धुरपताबाईची एक खोड होती. प्रत्येक सदऱ्याच्या खिशात, आतल्या अंगाला, ती लाल दोऱ्याचा एक टाका घालायची. तिच्या माहेरी कुणी परगावी निघालं की त्याच्या कपड्यात असा टाका घालत, माणूस सुखरूप घरी यावा म्हणून. एक दिवस सदरे तपासायला आलेले साहेब तिच्यावर खवळले.

"ओ बाई, खाकीत लाल दोरा कशापायी?"

"साहेब, त्याची आई तिकडं लांब हाय. तिच्या वाटचा टाका म्या घातला. ऱ्हाऊ द्या की."

साहेबांनी सदरा गुपचूप घडी घालून ठेवला. त्या दिवशी मला लई अभिमान वाटला.

लढाई संपली, पण आमचं काम कुठलं संपतंय! मग घर सुरू झालं. धनाजी जन्मला, त्याची अंगडी-टोपडी मीच शिवली. गल्लीतल्या पोरींचे परकर, सायराबीच्या लेकीचे लग्नाचे कपडे, फाटलेल्या धोतरांच्या गोधड्या, सगळं माझ्याच सुईखालून गेलं. टाचांना भेगा पडायच्या म्हणून धुरपताबाईनं पायडलला गोधडीची पट्टी बांधली होती. तान्हा धनाजी त्या पायडलजवळच झोपायचा. माझी खडखड थांबली की रडत उठायचा. म्हणूनच पुढं त्यानं जे केलं ते मला जास्त लागलं.

म्हातारपणी धुरपताबाईनं धनाजीच्या लेकीला, अक्षदाला, शेजारी बसवून शिलाई शिकवली. शेवटच्या आजारात तिनं धनाजीला जवळ बोलावलं.

"धनाजी, ही मशीन अक्षदाची. कुणाला द्यायची न्हाय."

"व्हय आई," धनाजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्या पाण्यावर विश्वास ठेवला.

ती गेली. खंडेनवमी आली. धनाजीनं मला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि घाण्यावरचं करडीचं तेल माझ्यात ओतायला लागला. सायराबी दारातच होती.

"अरे बेटा, ते नको! चिकटून बसतंय ते."

"मावशी, देवाला चालतंय ते मशिनीला न्हाय चालायचं?"

झालं! थोड्याच दिवसांत ते तेल गोंदासारखं घट्ट झालं आणि माझं चाक जाम झालं. सायराबी म्हणाली, रॉकेलनं धू, चालू होईल. धनाजी म्हणाला, बघू. अक्षदा सोलापूरला नर्सिंग शिकत होती. ती फोनवर विचारायची, "आप्पा, आजीची मशीन बरी हाय न्हवं?" आणि हा म्हणायचा, "व्हय, व्हय."

वर्षश्राद्धाला त्यानं चौकात भला मोठा फ्लेक्स लावला. त्यावर धुरपताबाई, बाजूला मी, आणि जवानांचे सदरे शिवले म्हणून वर 'वीरमाता' अशी अक्षरं. जेवायला आलेल्या प्रत्येकाला त्यानं लाल टाक्याची गोष्ट सांगितली. सांगताना रडलासुद्धा. पंगत उठल्यावर त्याचा दोस्त, ढाबेवाला बालाजी, माझ्याकडं बघून म्हणाला, "ही दे की मला. ढाब्याला शोभा येईल."

"ने की. तशीबी बंदच पडलीय."

शेतातला वानवळा द्यावा तसं मला देऊन टाकलं हो! बालाजीच्या माणसांनी माझं डोकं काढून त्याला सोनेरी रंग फासला आणि पाय सिमेंटात रोवले.

परवा अक्षदा सुट्टीवर आली. एसटीतून उतरल्यावर धनाजी तिला जेवायला इथंच घेऊन आला. मी इथं आहे हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. पोरगी हात धुवायला गेली आणि नळ तसाच सोडून खाली बसली. पायडलला ती गोधडीची पट्टी अजून होती, भिजून काळी पडलेली.

"आप्पा, ही आजीची मशीन!"

"अगं, बंद पडली होती. इथं निदान शोभेला तरी हाय."

"शोभेला? आजीला शब्द दिला होता तुम्ही!"

ती धावत गल्ल्याशी आली. माझं चाक हलवून पाहिलं, तेलाच्या भोकात बोट घालून हुंगलं. "करडीचं तेल! मशिनीत?" तिनं एका ट्रकवाल्याकडून वाटीभर डिझेल मागून आणलं, सांध्यासांध्यांत सोडलं आणि जेवण सोडून माझ्यापाशी बसून राहिली. मग चाक ओढलं. कुरकुरत का होईना, ते फिरलं! मी मेले नव्हते, मित्रांनो.

बालाजी ओशाळून म्हणाला, "ताई, डोकं न्या आत्ताच. पायासाठी बेसिन फोडावं लागंल."

"फोडा. टेम्पो घेऊन येते. दोन्ही बरोबरच नेणार."

मित्रांनो, तुमच्या घरात जुनं काही असेल तर त्याला नुसते हार घालू नका. त्याला काय लागतं ते जाणत्याला विचारा. आणि जाणाऱ्या माणसाला 'व्हय' म्हणालात, तर तेवढं पाळा.

निघताना अक्षदानं ओढणीच्या काठातून लाल दोरा ओढून काढला आणि माझ्या चाकाला बांधला. मागून धनाजी म्हणाला, "व्हय, नेऊ आपण."

त्याचं 'व्हय' मी आता ऐकत नाही. मी त्या लाल दोऱ्याच्या भरवशावर बसले आहे.