दोन बोटांचा क्लच

बायकोसाठी पहिली मोटरसायकल निवडणं म्हणजे काय असतं, ते मला विचारा. लोक विचारतातच म्हणा. गॅरेजवर नवरे येतात, "आमच्या हिला शिकायचीय, कुठली घेऊ?" मी म्हणतो, आधी तिची उंची सांगा, मग पुढचं बोला. यांना रंग दिसतो, टाकीवरचे पट्टे दिसतात. सिग्नलला थांबल्यावर बायकोचे दोन्ही पाय जमिनीला टेकतील का, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात येत नाही. मग आठवड्याभरात गाडी आडवी होते आणि बायको म्हणते, मला नको ती ब्याद. गाडी कोपऱ्यात धूळ खात पडते आणि नवरा लोकांना सांगत फिरतो, बायकांना जमतच नाही.

माझी बायको रक्ताचे नमुने गोळा करते. घरोघरी जायचं, सुई टोचायची, बाटल्या थंड पेटीत ठेवायच्या आणि ती पेटी मांडीवर घेऊन बसने प्रयोगशाळा गाठायची. बस चुकली की दिवसभराच्या कामावर पाणी. मी किती वर्षं मागे लागलो होतो, गाडी शीक, गाडी शीक. तिचं उत्तर ठरलेलं, "नको बाई, तुम्ही ओरडता." आता गॅरेजमध्ये चार इंजिनं चालू असताना हळू बोललो तर ऐकणार कोण? आवाज चढतो तो चढतो, घरी येताना खुंटीला टांगून येता येत नाही.

आणि एक दिवस जेवता जेवता तीच म्हणाली, "मला गाडी घेऊन द्याल का?" मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच.

इथे धाकट्याबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. पाना कसा धरायचा इथपासून सगळं त्याला मी शिकवलं. पोरसवदा असताना चालत्या चेनवर फडकं मारायला गेला आणि डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आत गेलं. मी अंगातला शर्ट फाडून ती बोटं बांधली आणि त्याला उचलून दवाखान्यापर्यंत पळालो. बोटं वाचली, पण वाकायची बंद झाली. तेव्हापासून तो क्लच उरलेल्या दोनच बोटांनी ओढतो आणि ही दोन बोटं हवेत ताठ उभी राहतात. लांबून येत असला तरी मी त्या बोटांवरून ओळखायचो.

असा तो भाऊ, एका सकाळी येऊन म्हणाला, "दादा, मी पुलापलीकडे स्वतःचं गॅरेज टाकतोय." टाकतोय! विचारलं नाही, सांगितलं. जाताना माझी निम्मी गिऱ्हाइकं त्याच्या मागे गेली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी घरात सांगून टाकलं, या घरातलं कोणी त्याच्याशी बोलणार नाही, त्याची पायरी चढणार नाही. ज्याला तो हवा असेल त्याने आत्ताच जावं. बायको दारात उभी होती. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "मी तुमच्या बाजूने आहे."

त्या एका वाक्यावर मी आजवर तग धरून होतो. गिऱ्हाईक गेलं, भाऊ गेला, हरकत नाही, ही माझ्या बाजूने आहे ना. दिवसातून एकदा तरी ते वाक्य मला आठवायचंच.

तर गाडी. जुन्या गाड्यांचा दलाल माझ्या जुन्या ओळखीचा. त्याला सगळे टकलू म्हणतात आणि तोही ओ देतो. त्याने आधी एक लालभडक धूड पुढे केलं. "वहिनींना शोभेल."

"शोभायला तो काय दागिना आहे?" मी म्हटलं. "तिचे पाय कुठे टेकणार, तुझ्या टकलावर?"

मग मी एकेक गाडी बघत गेलो. आधी सीटची उंची. मग गाडी हळूच एका बाजूला कलवून तिचं वजन मनगटावर घ्यायचं, कारण नवखं माणूस पडतं ते उभ्या गाडीवरून, चालत्या नाही. मग क्लच दाबून बघायचा, लोण्यासारखा गेला पाहिजे. बायकोला प्रत्येकीवर बसवलं. ती बिचारी लटपटत होती, आरसा धरून चढत होती. एकदा तर विचारलं, "क्लच म्हणजे हा डावीकडचाच ना?" मी समजावून सांगितलं. अजिबात न ओरडता. टकलू माझ्याकडे बघतच राहिला.

शेवटी मागच्या रांगेतली एक छोटी राखाडी गाडी मिळाली. बसकी, हलकी, दिसायला अगदीच गरीब. "ही बरी वाटते हो," बायको म्हणाली. माझी छाती फुगली. म्हटलं, वा, हिलाही नजर आहे.

गाडी गॅरेजवर आणून मी इंजिन उघडलं तर आतून आरशासारखं लख्ख. कुठल्या तरी जाणत्याचा हात फिरला होता, मी केलं असतं तसंच सगळं केलेलं. त्या अनोळखी माणसाला मी मनातल्या मनात शाबासकीही दिली. मग सीटमधला फोम कापून ती अजून खाली आणली. तिचे हात लहान म्हणून क्लचचा लिव्हर आत घेतला, चारही बोटं नीट पोचावीत म्हणून. माझ्या गॅरेजचा हा नियमच आहे, क्लच चार बोटांनी. दोन बोटं हँडलच्या मुठीवर राहिली की लिव्हर त्यांच्यावरच येऊन अडतो, क्लच अर्धवट सुटतो आणि गाडी उडी मारते. आमच्या चिमणीला, म्हणजे पोरीला, सायकल शिकवली तेव्हा ब्रेकसुद्धा चार बोटांनीच धरायला लावला होता. एकदा लागलेली सवय हात सोडत नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही बंद पडलेल्या गोदामाच्या आवारात गेलो. मोठं आवार, कोपऱ्यात गंजके पिंप, बाकी चिटपाखरू नाही. मी कालपासून स्वतःला बजावत होतो, आज ओरडायचं नाही. बायको बसली. क्लच सोडला, गाडी गचकन बंद पडली. "असू दे," मी म्हटलं. पुन्हा बंद पडली. "होतं असं, चार बोटांनी धर." तिसऱ्यांदा गाडी डुगडुगत निघाली आणि मी शेजारून पळायला लागलो. या वयात! पण खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात पिंपांमागून एक कुत्रं उसळून थेट चाकासमोर आलं.

मी किंचाळलो. आणि बायकोने काय केलं? क्लच ओढला, ब्रेक मारला, गाडी सरळ ठेवून डावा पाय टेकवला, चालू इंजिनावरच बोटभर अंतरावर थांबली. कुत्रं निघून गेलं. इंजिन शांतपणे गुरगुरत होतं. आणि तिच्या डाव्या हाताची दोन बोटं लिव्हरवर होती, बाकीची दोन, करंगळी आणि शेजारचं, हवेत ताठ उभी.

धडधाकट हाताला बोटं अशी ठेवायचं काही कारणच नाही. जगात एकच माणूस तशी ठेवतो, कारण त्याची वाकत नाहीत. हिने ते बघून बघून उचललं होतं. तिला वाटलं असणार, क्लच असाच ओढतात.

"इंजिन बंद कर," मी म्हणालो.

"काय झालं?"

"तुझी बोटं बघ."

तिने बघितलं. तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिने ती दोन बोटं हळूच मिटून घेतली आणि चावी फिरवली.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. त्याच्या गॅरेजमागे मोकळी जागा आहे."

माझ्या मनात नको ते आलं का? आलं, क्षणभर. पण तो तिला वहिनी म्हणतो ते आईच्या जागी मानून. तसलं काही असतं तर मला निदान चारचौघांत बोंबलता तरी आलं असतं. हे त्याहून वाईट होतं.

ती सांगायला लागली. पुलापलीकडे एका म्हाताऱ्या पेशंटकडे गेली होती, बस चुकली, पेटीतला बर्फ वितळायला लागला. धाकट्याने बघितलं आणि गाडीवरून प्रयोगशाळेत सोडलं. वाटेत म्हणाला, वहिनी, तुम्ही स्वतःच का शिकत नाही?

"मग घरी येऊन मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"ओरडलो असतो!" मी ओरडलो. गोदामाच्या भिंतीवरून माझाच आवाज परत आला.

तिने उतरून गाडी स्टँडला लावली.

"आणि टकलूकडचं ते सोंग? क्लच कुठला म्हणे! मला वेड्यात काढत होतीस?"

"तुम्ही इतक्या हौसेने दाखवत होता. मला सांगवलं नाही." तिचे डोळे भरून आले. "मी कितीदा ठरवलं सांगायचं. मग तुम्ही सीट कापायला बसलात."

माझ्या हाताशी आता एवढंच उरलं होतं. "गाडी तरी मी निवडली," मी म्हटलं. "एवढ्या गाड्यांतून मी निवडली की नाही?"

ती फडक्याने टाकी पुसायला लागली.

"बोल ना!"

"ती त्यानेच टकलूकडे आणून ठेवली होती. सगळं काम करून." ती जमिनीकडे बघत बोलत होती. "म्हणाला, दादा बाकीच्या गाड्यांना नावं ठेवील, आधी सीटची उंची बघेल, मग कलवून वजन बघेल, मग क्लच दाबेल आणि शेवटी हीच घेईल."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, माझं उलटं झालं. अंगातलं सगळं खाली गेलं. म्हणजे टकलूसुद्धा यांच्यातलाच. आणि ज्याला मी शाबासकी दिली तो अनोळखी माणूस हा होता. मी त्याला शिकवलेलं सगळं त्याने माझ्यावरच वापरलं होतं.

"तू त्या दिवशी दारात म्हणाली होतीस," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मी तुमच्या बाजूने आहे म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. तुम्ही अगदी एकटे पडला असता म्हणून म्हणाले." मग तिने मान वर केली. "तो चुकला होता म्हणून नाही."

मी चालायला लागलो. तिच्या मागे गाडीवर बसून घरी जाणं मला मेलो तरी जमलं नसतं. मागून इंजिन चालू झालं आणि ती शेजारी आली. पहिल्या गिअरमध्ये, माझ्या चालीने. तुम्हाला सांगतो, माणसाच्या चालीने मोटरसायकल चालवणं भल्याभल्यांना जमत नाही. क्लच धरून सोडून, धरून सोडून तोल सांभाळावा लागतो. तिचा पाय एकदाही खाली आला नाही. मी थांबलो की ती थांबायची, मी निघालो की निघायची. मला तिला "शाब्बास" म्हणावंसं वाटलं आणि स्वतःचा इतका राग आला की मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. ती पलीकडे आली.

"बसा ना हो," ती म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू दे. त्यांनाही माहीतच असेल."

घराचा कोपरा येईपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होतो. भाऊ गेला, टकलू गेला, हीसुद्धा गेली. ठीक आहे. चिमणी आहे. तिला मी शिकवलंय, ती माझी आहे. काकाचं नाव या घरात निघालेलं तिने कित्येक महिन्यांत ऐकलेलं नाही. आता घरी गेलं की तिला जवळ घेऊन बसायचं, कोणाशी एक शब्द बोलायचा नाही.

चिमणी गल्लीच्या टोकाला सायकलवर फेऱ्या मारत होती. आईला गाडीवर बघून तिने आनंदाने आरोळी ठोकली आणि उतारावरून सुसाट आमच्याकडे आली. आमच्या पुढ्यात येऊन तिने कचकन ब्रेक दाबला. डाव्या हाताची दोन बोटं ब्रेकवर होती आणि दोन हवेत, ताठ.

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "चार बोटं!"

"अहो बाबा, दोन पुरतात," ती हसत म्हणाली. "काका तर..."

तिने जीभ चावली. आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ती दोन बोटं घाईघाईने मुठीवर दाबून धरली. मी ओरडेन म्हणून दोघी वाट बघत उभ्या होत्या. मी तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. त्या माणसाशी घराचं बोलणं बंद आहे, असं इतके दिवस मी सगळ्यांना सांगत होतो. बंद होतं ते एकट्या माझंच.