दोन मिलिसेकंदांत आलेलं उत्तर

लॅबमधली यंत्रं केबलने जोडलेल्या नेटवर्क स्विचवर चोवीस दिवे होते. एकोणीस लुकलुकत होते, चार नुसतेच पेटलेले होते आणि एक बंद होता. धनेश मुऱ्हेने ते दोनदा मोजले आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"चोवीसपैकी तेवीस चालू. बंद आहे ती जागा रिकामीच असते."

"आणि बेंच?" पलीकडून सोनलने विचारलं.

"बेंच चालू. सहा कंट्रोल युनिटं, सहाही जागेवर. पंखा फिरतोय. स्क्रीनवर एरर नाही."

"मग मला का दिसत नाहीये दादा? व्हीपीएन तर कनेक्टेड दाखवतंय."

तिच्यामागे कुकरची शिट्टी झाली. धनेशने तीही मोजली. तिसरी होती. सोमवारचे साडेअकरा वाजले होते आणि ही बाई वरणभात लावून चाकणच्या लॅबमधलं मशीन चालवायला बसली होती. तो मात्र सकाळी कुरुळीहून निघून कंटेनरच्या रांगेतून बाईक काढत आला होता. शर्टाच्या कॉलरवरची धूळ अजून झटकायची राहिली होती.

कंपनी गाड्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक्सचं सॉफ्टवेअर तपासायची. बेंच म्हणजे एक लांब टेबल. त्यावर गाडीची सगळी कंट्रोल युनिटं मांडलेली, गाडी मात्र नाही. संगणक त्या युनिटांना भासवायचा की गाडी ऐंशीच्या वेगात आहे, पुढे कोणीतरी आडवं आलंय, ब्रेक दाबलाय. मग ती काय करतात ते लिहून घ्यायचा. हे सगळं घरी बसून चालवता यावं म्हणून व्हीपीएन होतं. माणसाच्या लॅपटॉपपासून लॅबपर्यंत इंटरनेटच्या गर्दीतून काढलेली एक बंद नळीच ती. घरी बसणारे इंजिनियर होते. धनेश डिप्लोमावाला, लॅब टेक्निशियन. बेंच अडकलं की लाल बटण दाबायला तिथे कोणीतरी हजर लागायचं, आणि नऊ वर्षं तो हजर होता. त्याच्यावर घरून काम करायची वेळ कधी आलीच नाही.

सोनल चार वर्षांपूर्वी ट्रेनी म्हणून आली तेव्हा तिला केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवता येत नव्हता. धनेशने शिकवलं. पहिले अकरा कनेक्टर तिने वाया घालवले, बारावा बसला. आता परदेशी ग्राहकाच्या मीटिंगमध्ये ती बोलायची आणि तो स्क्रीनच्या कोपऱ्यात, कॅमेरा बंद ठेवून, ऐकायचा. मागच्या महिन्यात काम वेळेवर झालं म्हणून तिने सगळ्यांना मेल केला होता. त्यात पाच नावं होती आणि शेवटी 'लॅब सपोर्टचेही आभार' असं होतं. ती ओळ धनेशने पुनमला, म्हणजे बायकोला, दाखवली होती. "म्हणजे तुम्हीच ना?" असं पुनमने विचारलं, आणि तो प्रश्न त्याला मेलपेक्षा जास्त झोंबला.

"फोनचा हॉटस्पॉट लावून बघ," तो सोनलला म्हणाला.

दोन मिनिटांनी ती ओरडली, "दिसलं! दादा, तुम्ही ग्रेट आहात!"

पण सांगवीच्या तिच्या नव्या फ्लॅटमध्ये मोबाइलची रेंज जेमतेम होती. लग्नानंतर दिघीहून ती तिथे राहायला आली, त्याला पंधरा दिवस झाले होते; रजा संपवून ती या सोमवारी पहिल्यांदाच तिथून कामाला बसली होती. दर तासाला संपर्क तुटायचा, बेंच मध्येच अडकायचं आणि धनेशचा फोन वाजायचा. सोमवारी नऊ वेळा वाजला. प्रत्येक वेळी त्याने बटण दाबलं आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहिली. 'कारण' या रकान्यात 'अज्ञात' लिहिलं.

शुक्रवारी ग्राहकाला प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. माणूस कुठेही असो, चाकणचं बेंच तो दिवसभर चालवू शकतो, हेच दाखवायचं होतं; म्हणून सोनलने घरूनच काम करायचं असं ठरलेलं. ते पार पडलं की टेस्ट लीडची जागा भरणार होती. ती जागा आपल्याला मिळावी असं धनेश कोणाकडे बोलला नव्हता. पण तिची जाहिरात ऑफिसच्या पोर्टलवर त्याने इतक्या वेळा उघडली होती की ती त्याला पाठ झाली होती.

मंगळवारी त्याने सोनलला परत घरच्या वायफायवर यायला सांगितलं. "बेंचला पिंग करून बघ बरं."

पिंग म्हणजे हाक मारणं. पलीकडचं मशीन ओ देतं आणि ओ यायला किती वेळ लागला ते कळतं.

"ओ येतेय की!" ती म्हणाली. "दोन मिलिसेकंद. एकदम फास्ट. पण बेंच उघडत नाही, बघा ना."

"किती म्हणालीस?"

"दोन. कधी कधी तीन."

सांगवीतून निघालेली हाक आधी हिंजवडीच्या हेड ऑफिसला जाते, तिथून चाकणला येते आणि त्याच वाटेने परत जाते. या फेरीला पंचवीसच्या खाली कधी लागत नाहीत, हे त्याने स्वतः मोजलेलं होतं. दोन मिलिसेकंदांत ओ देणारं जे कोणी आहे, ते शेजारच्या खोलीत आहे.

"दादा? आहात ना?"

"बघतो," तो म्हणाला. "तोवर हॉटस्पॉटवरच राहा."

संध्याकाळी त्याने लॅबचा जादा लॅपटॉप घरी नेला. तात्याबा, म्हणजे वडील, भिंतीवरच्या टीव्हीवर यूट्यूबवरून बैलगाडा शर्यत लाइव्ह बघत बसले होते. धनेशने घरच्या वायफायवरून व्हीपीएन जोडलं आणि बेंचला हाक मारली. ओ आली. तीन मिलिसेकंद. मग त्याने घरच्या राउटरची, कोणत्या यंत्राला नेटवर्कवर कोणता पत्ता मिळालाय त्याची, यादी उघडली. एक नंबर राउटर स्वतः, दोन पुनमचा फोन, तीन आणि चार असेच. पाच नंबरचा पत्ता टीव्हीचा होता. लॅबमध्ये नेमका हाच पाच नंबरचा पत्ता बेंचचा होता.

त्याने उठून टीव्हीची पिन काढली. ओ बंद झाली.

"आरं! आरं काय क्येलंस?" तात्याबा खुर्चीतून अर्धे उठले. "गाडा ऐन घाटात व्हता की रं!"

"एक मिनिट, तात्या."

"मिनिटात शर्यत संपती! ह्याला कंपनीत ह्येच शिकवत्यात का, लोकांची बटनं दाबायला?"

पिन लावल्यावर ओ परत आली. शंका उरली नाही. सोनलचा लॅपटॉप बेंचला शोधत तिच्याच घरात फिरत होता. तिथे पाच नंबरवर कोणीतरी राहत होतं, टीव्ही असेल नाहीतर पाण्याचा फिल्टर. ते ओ देत होतं आणि अर्थातच बेंच म्हणून उघडत नव्हतं. दिघीच्या घरी दुसऱ्या कंपनीचा राउटर असल्यामुळे तिथले पत्ते वेगळे होते, म्हणून आजवर निभावलं. मोबाइलवरही पत्ते वेगळे, म्हणून तिथे चालत होतं.

लॅबला हे पत्ते दिले होते ते धनेशने. लॉकडाउनमध्ये पोलिसांचा पास खिशात घालून तो एकटा लॅबला यायचा. साध्या दुकानातला राउटर आणून त्याने एका दिवसात अख्खी लॅब बाहेरून वापरता येईल अशी करून दिली होती. घाईत पत्ते बदलायचे राहिले. राउटर कारखान्यातून जसा निघतो तसेच ठेवले, आणि अर्ध्या गावाच्या घरांत तेच पत्ते असतात; आधी कोणी अडकलं असेल तर नेट खराब समजून हॉटस्पॉटवर गेलं असेल. त्या दिवसाबद्दल त्याला कंपनीने प्रमाणपत्र दिलं होतं. ते समोरच, टीव्हीच्या वर लावलेलं होतं.

"सापडलं का काय?" पुनम कणीक मळता मळता म्हणाली.

"सापडलं."

"मग तोंड असं का? साहेबांना कळवा की."

"उद्या कळवतो."

बुधवारी त्याने कळवलं नाही. बुधवारी फोन चौदा वेळा वाजला, आणि खोटं कशाला, त्याला बरं वाटलं. "दादा, प्लीज, रिसेट," असं ती म्हणायची. तो मुद्दाम चारपर्यंत मोजायचा आणि मग उठायचा. एकदा तिच्या मागे बुलबुल ओरडत होता. बाल्कनीत बसली असणार, नदीच्या बाजूला. रडवेल्या आवाजात ती म्हणाली, "तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं!" हे वाक्य त्याने दिवसभर जपून ठेवलं. रजिस्टरमध्ये चौदा वेळा 'अज्ञात' लिहिलं.

गुरुवारी सकाळी मॅनेजर जयदीप सर लॅबमध्ये आले, हातात चहाचा कप. फोन स्पीकरवर टाकून त्यांनी सोनलला लावला.

"उद्याचं कसं करायचं? हे असंच तुटत राहिलं तर तोंडघशी पडू आपण. त्यापेक्षा इथून धनेशच चालवेल बेंच, तो ग्राहकाशी बोलेल. काय रे धनेश? जमेल ना? आणि जमलं तर मग पुढचंही बघू, लीडचं वगैरे."

धनेशने टेबलाची कड धरली. "जमेल सर."

"चालेल सर," फोनमधून सोनल म्हणाली. आवाज खाली गेला होता. "माझ्याच घरचं नेट खराब आहे. सॉरी."

"लॅबच्या बाजूने तर काही नाही ना? आयटीवाले म्हणत होते, लॅबचं नेटवर्कही एकदा तपासा."

"नाही सर, लॅबचं काही नसणार," ती लगेच म्हणाली. "लॅब धनेशदादांनी उभी केलीय. तिकडे चूक असती तर त्यांना पहिल्या तासात कळली असती."

सर हसले आणि चहा संपवून गेले. धनेश उभाच राहिला. तिने आपली बाजू घेतली याचा त्याला इतका राग आला की कान तापले. मोठेपणा दाखवायलाही हिलाच जमतं. उद्या आपण लीड झालो, तर ती जागाही हिच्याच शब्दावर मिळालेली असणार, आणि हे फक्त आपल्याला ठाऊक असणार. रजिस्टर उघडं होतं. चार दिवसांचे 'अज्ञात' एकाखाली एक उभे होते, सगळे त्याच्या अक्षरात.

त्याने बसून मेल लिहिला. जयदीप सरांना, हेड ऑफिसच्या आयटीला आणि सोनलला.

'कारण: लॅबचे पत्ते आणि घरगुती राउटरचे पत्ते एकच. चूक कोणाची: धनेश मुऱ्हे. उपाय: लॅबचे सर्व पत्ते आज बदलतो, व्हीपीएनमधला मार्ग आयटीने बदलावा. चूक कळली: मंगळवार. कळवली: गुरुवार.'

पाच मिनिटांत सर परत आले. "अरे, शेवटची दोन वाक्यं काढून परत पाठव. हे वर जाईल."

"राहू द्या सर."

"वेडा आहेस का? कोण विचारणार होतं?"

धनेशने लेबलांचा रोल शोधायला खण उघडला. सर गेले.

लॅबमध्ये तेवीस उपकरणं होती. प्रत्येकावर लॉकडाउनमध्ये त्याने निळ्या पेनने पत्ता लिहून चिकटवलेला होता. एकेक लेबल नखाने खरवडायचं, घरगुती राउटर वापरत नाहीत अशा मालिकेतला नवा पत्ता द्यायचा, नवं लेबल लावायचं, मग सोनलने घरच्या वायफायवरून बघायचं, असं ठरलं. फोन तिनेच केला.

"दादा, तुमचा मेल वाचायला वेळच नाही मिळाला, सरांनी नुसतं सांगितलं. काय डोकं आहे तुमचं! माझा टीव्ही ओ देत होता म्हणे!"

"टीव्ही किंवा दुसरं काहीतरी. पहिला घे. दहा."

"दहा... दिसला!"

"अकरा."

"दिसला. दादा, मी चार दिवस माझ्या नवऱ्याला बोलतेय की नेट बदल म्हणून. बिचारा!"

असे चौदा झाले. पंधराव्याच्या आधी पलीकडे माउसची टिकटिक झाली. मेल उघडला असावा.

"मंगळवारी?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे काल मी रडत होते तेव्हा..."

"हो."

बुलबुल नव्हता, कुकर नव्हता. लॅबच्या बाहेर ट्रक मागे घेताना वाजतो तो बीप मात्र बराच वेळ वाजत राहिला. आपण सॉरी म्हणावं असं धनेशला वाटलं. पण मध्ये आणखी काहीतरी होतं, त्या बारा कनेक्टरांपासूनचं, आणि ते वाट अडवून बसलं होतं.

"पुढचा," ती म्हणाली.

"चोवीस."

"दिसला."

उरलेल्या नऊ नंबरांत ती एकदाही दादा म्हणाली नाही. शेवटच्या नंबरानंतर "थँक यू" म्हणाली आणि फोन ठेवला. धनेशने जुनी लेबलं गोळा केली. नखांत डिंक बसला होता, तो घरी जाईपर्यंत निघाला नाही.

शुक्रवारी अकरा वाजता सोनलने घरूनच प्रात्यक्षिक सुरू केलं. तो बेंचजवळ खुर्ची घेऊन बसला. फोन टेबलावर, आवाज पूर्ण मोठा. बटण हाताच्या अंतरावर. समोर युनिटं आपापलं काम करत होती. त्यांतले छोटे स्विच, रिले, टिकटिक करत होते, न चालणारी गाडी शंभरच्या वेगात जाऊन ब्रेक दाबत होती. दीड वाजता त्याने डबा तिथेच उघडला. तीन वाजता बेंच शांत झालं. साडेतीनला सरांचा मेल आला की सोमवारपासून सोनल टेस्ट लीड. त्याने 'अभिनंदन' लिहिलं, पुसलं, परत लिहिलं आणि पाठवलं.

सव्वाचारला सोनलचा अहवाल आला. पंधरा पानांचा. त्याने शेवटचं पान उघडलं.

एकूण चाचण्या: २१२.
उत्तीर्ण: २०९.
अनुत्तीर्ण: ३.
संपर्क तुटला: ० वेळा.
लॅबमधल्या माणसाची मदत लागली: ० वेळा.