ठसका

सकाळी नऊ वाजता जावयाने गाडी शेडमध्ये आणून उभी केली आणि इंजिन बंद न करताच तो खाली उतरला.

"ऐका बाबा, ऐका! गातंय की नाही?"

म्हाताऱ्याने ऐकलं. जावयाने स्वतःच्या गॅरेजात इंजिनाची ताकद जवळजवळ दीडपट केली होती. गिअरबॉक्स मात्र कंपनीचाच, ऑटोमॅटिक, मूळ इंजिनाच्या बेताने बनवलेला. दुपारी डोंगरावर चढाची शर्यत होती.

"तुमच्या लेकीचा हट्ट. बाबांनी 'टिकेल' म्हटलं तरच शर्यतीत उतरायचं म्हणे. हिचं काय, नळ सोडतानासुद्धा दोनदा विचार करते."

लेक पलीकडच्या दाराने उतरली. ती हसली नाही, रागावलीही नाही.

म्हाताऱ्याचा सगळा जन्म गिअरबॉक्स उघडण्यात गेला होता. त्याची रीत गावाला ठाऊक होती. ऑइलची पट्टी ओढायची, नाकाशी धरायची, निकाल द्यायचा. आतल्या प्लेटा जळू लागल्या की ऑइल करपट वास मारतं. गावाला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की मागच्या मोठ्या तापात त्याचं नाक कायमचं गेलं होतं. नासलेल्या दुधाचा चहा तो चवीने पीत बसला तेव्हा लेकीने ओळखलं आणि बोभाटा केला नाही. तेव्हापासून अवघड गाडी आली की ती येऊन शेजारी उभी राही. हुंगायचा तो, वास घ्यायची ती. ऑइल करपलेलं असलं की तिला ठसका लागायचा.

त्याने पट्टी ओढली, नाकाशी धरली, डोळे मिटले. लेक खांद्याशी उभी होती. तो नेहमीपेक्षा जास्त थांबला.

ठसका आला नाही.

त्याने पट्टी फडक्याला पुसली. लाल असायला हवं ते ऑइल चहाच्या चोथ्यासारखं उमटलं, वर काळी कणी. हे तिला दारातूनच कळायला हवं होतं. ती फडक्याकडे बघत होती. मग तिने बापाकडे बघितलं आणि ओठ मिटून घेतले.

"काय म्हणतंय नाक?" जावई म्हणाला. "का तेही रिटायर झालं?"

म्हाताऱ्याने मनाशी हिशेब मांडला. अर्ध्या चढावर गिअरबॉक्स घसरेल, इंजिन नुसतं बोंबलेल, गाडी काही पुढे सरकणार नाही. चारचौघांत जावयाचं नाक कापलं जाईल. लेकीला तेवढंच हवं असेल, तर तिने आजवर जे गिळलं त्यापुढे ते काहीच नव्हतं.

"टिकेल," तो म्हणाला, आणि फडकं घडी करून खिशात घातलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं," लेक म्हणाली. "येते, बाबा."

दुपारी तो घरी जेवायला बसला. बायकोने ताट वाढलं.

"पोरगी इकडे नाही आली?" त्याने विचारलं. " आज सुट्टी ना तिला?"

"कमाल करता. ती गाडीत बसलीय ना त्याच्या शेजारी! दोघं लागतात म्हणे शर्यतीला. काल फोनवर म्हणाली. तुम्हाला नाही बोलली?"

त्याचा घास हातातच राहिला. सकाळच्या हिशेबात त्याने फक्त चढ धरला होता. गाडी रखडत, फरफटत माथ्यावर पोचलीच, तर उतरायचंही त्याच रस्त्याने होतं. आणि पकड सुटलेला गिअरबॉक्स उतारावर गाडीला धरून ठेवत नाही. सगळा भार ब्रेकवर.

उष्ट्या हातानेच त्याने खिशातून फोन ओढला. जावयाचा बंद होता. लेकीचा वाजला, वाजून थांबला. त्याने पुन्हा लावला.

फोनबरोबर फडकंही खाली पडलं होतं. बायकोने ते उचललं आणि तोंड फिरवलं. तिला असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं.

"शी! काय जाळून आणलंत हे? तुम्हाला वास येत नाही का?"

त्याने फोन कानाला घट्ट लावला. लेकीचा फोन वाजत होता.