सायबाच्या बंगल्यात गारवा

मी एक बंगला. वणीजवळच्या जुन्या कोळसा खाणीचा मॅनेजर जिथे राहायचा, तोच. शेवटचा मॅनेजर जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी लोक मला सायबाचा बंगलाच म्हणतात.

माझा बांधा भक्कम. दोन हात जाडीच्या दगडी भिंती, चुन्याचा गिलावा, उंच छत, वर गरम हवा जायला झरोके आणि चहूबाजूंनी बारा फुटी व्हरांडा. बाहेर मे महिना पेटला, तरी आत साहेब चादर मागायचे! मला याचा भारी तोरा होता.

पुढे साहेब नव्या वसाहतीत गेले. माझ्यात जुन्या फायली आल्या, मग उंदीर आले. कौलं घसरली. गेल्या उन्हाळ्यात मला पाडायचं ठरलं आणि भिंती तपासायला मैत्रेयी नावाची तरुण इंजिनिअर आली.

तिच्या मागोमाग तुळसाबाई आल्या. वय बहात्तर. खाणीत कोळसा निवडून निवृत्त झालेल्या.

"पाडून राह्यले का याले? मी पाहालेच आली."

"आजी, एवढा राग काहून?"

"माह्या आज्यानं याच्या भिंतीचा चुना दळाच्या घाणीले बैल हाकलला. अन् मी सुट्टीच्या अर्जावर सही घ्याले आली, तर दोन घंटे उन्हात उभी. सहा महिन्याचं पोट होतं मले."

मला ती दुपार आठवली. त्या वेळी माझा व्हरांडा पूर्ण रिकामा होता.

मैत्रेयीने समोरचं दार ढकललं आणि म्हणाली, "या आजी, आत."

तुळसाबाई आत आल्या. थबकल्या. भिंतीला तळवा लावला, मग गाल लावला.

"अवं माय! एवढं गार? अन् आमी बाहेर भाजत होतो!"

"मग पाडू?"

"पाडतं कायले? आता आमची पाळी हाये गार बसाची!"

मैत्रेयी खो खो हसली. पण अहवाल तिने गंभीरपणे लिहिला: भिंती ठणठणीत, छत तेवढं दुरुस्त करावं. वरच्यांशी महिनाभर भांडलीसुद्धा. शेवटी पाडकाम थांबलं आणि दोन खोल्या गावाला मिळाल्या.

आता उन्हाळ्यात दिवाणखान्यात शिवणवर्ग चालतो, शेजारच्या खोलीत निवृत्त कामगार पाय पसरून गप्पा ठोकतात. पश्चिमेची खोली अजून गळते. तिची कौलं बदला, पण कृपा करून मला सिमेंट फासू नका. चुन्याला श्वास घ्यावा लागतो.

काल भर दुपारी तुळसाबाई दिवाणखान्यात आडव्या झाल्या आणि चक्क घोरू लागल्या. शिलाई मशीन चालवणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पाय जरा हळू केले.


मीही दारं वाजू दिली नाहीत.