शंभर यार्डांच्या आत

सकाळचं कोवळं ऊन सुमनताईंच्या टपरीवर उतरलं, की तंबाखू-सुपारीच्या पुड्यांच्या माळा चांदीच्या तोरणासारख्या लखलखत. वर न पाहताच त्यांचा हात उठे, पुडी तुटे आणि तो हलका ‘टर्र’ आवाज सिल्वासातल्या आमच्या शाळेच्या प्रार्थनेत रोज मिसळून जाई. धुळ्याकडून आलेली ही सावळी, मितभाषी बाई. नवरा जवळच्या खडोलीला धाग्याच्या कारखान्यात कामाला.

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा नियम नीट पाळायचं ठरलं, तेव्हा अंतर मोजण्याचं काम माझ्याकडे आलं. मी कोकणातून आलेली शिक्षिका, कैक वर्षं सुमनताईंच्याच टपरीवर चहा प्यालेली. मोजायची लांब टेप घेऊन निघाले. भांडण होईल, असं मी धरूनच चालले होते. पण त्या उठल्या आणि टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं. मोजता मोजता सांगू लागल्या, की नवऱ्याचं तोंड वर्षभर आखडत चाललंय, आता दोन बोटंही आत जात नाहीत, भाकरी सुटली आहे, डाळीच्या पाण्यावर दिवस निघतो.

“पुडी मीच द्यायची त्यांना, मॅडम,” त्या म्हणाल्या. “रोज. माझ्या हाताने.”

अंतर शंभर यार्डांहून कमीच भरलं. टपरी पलीकडच्या नाक्यावर हलवता आली असती. त्यांनी टपरी तिथेच ठेवली आणि माळा उतरवल्या. उकडलेल्या शेंगा आल्या, केळी आली. सुरुवातीला गिऱ्हाईक रोडावलं. नवरा चिडला, घरात अबोला धरून बसला, आणि एके दिवशी आपणहून म्हणाला, की चल, दवाखान्यात जाऊ. डॉक्टरांनी दिलेले तोंडाचे व्यायाम दोघं समोरासमोर बसून करीत. तो थकला की त्याही थांबत.

शिवारातली भातं पिवळी पडली, त्या सुमारास त्याने दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली. हे मला सांगताना सुमनताईंच्या चेहऱ्यावर शरदाच्या आभाळासारखी स्वच्छ शांतता होती. जबडा पूर्वीसारखा उघडणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. तरी तो आता सुट्टीच्या वेळात नव्या कामगारांना आपलं तोंड उघडून दाखवतो. त्याच्या खात्यातल्या दोघांनी पुडी सोडली आहे.

यंदा पहिलीत आलेल्या मुलांना शाळेसमोर एके काळी तंबाखू मिळत असे, याची कल्पनाही नाही. काळ एरवी काही नेतो आणि मागे त्याची आठवण ठेवतो; इथून जे गेलं, त्याची आठवणसुद्धा या मुलांच्या वाट्याला आलेली नाही.