अर्ध्या बोटाचं अंतर

सकाळी पावणेदहाला गटाराच्या खोदकामावरून लाइनमनने फोटो पाठवला. नदीकाठच्या पंपघराला वीज नेणाऱ्या तीन केबलपैकी पहिली आणि दुसरी एकाच चरात शेजारीशेजारी पडल्या होत्या. घरी सुनेने फोटो मोठा करून दोन्हींवरचे टॅग वाचले आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला.

वीज कार्यालयात तिचं काम एकच. एक ठिकाण बंद पडलं तर त्यामागून काय काय बंद पडेल, याचं मॉडेल चालवायचं. त्या मॉडेलमध्ये या दोन केबल वेगवेगळ्या रस्त्यांनी जात होत्या. एखादी तुटलीच तर दुसरी पंप चालवेल, म्हणून आज अकरा वाजता तिसरी केबल दुरुस्तीसाठी बंद करायला तिने सही दिली होती. आता खोदणाऱ्या यंत्राचा एक फटका चुकला की दोन्ही जाणार. पंप थांबला की वीजकेंद्राला थंड ठेवणारं पाणी थांबणार आणि त्यानंतरचं शहराचं गणित मांडायला मॉडेलची गरज नव्हती.

तिने मुख्य अभियंत्यांना फोन केला. रस्ता ओलांडताना केबल दहा पावलं एकत्र येतातच, असं ते म्हणाले. तीन महिने खेटे घातल्यावर मिळालेला तिसऱ्या केबलचा शटडाउन ते एका फोटोवर सोडणार नव्हते. किती अंतर एकत्र आहेत ते सांगा, तेही पुराव्यानिशी.

ते सांगू शकणारा माणूस घरातच, पलीकडे बेसिनपाशी दाढी करत होता.

सासरे त्याच कार्यालयात केबलचे नकाशे काढणारे मुख्य आरेखक होते. नकाशे संगणकावर चढवायचं काम सुनेकडे आलं, त्याच महिन्यात त्यांचं टेबल जिन्याखाली गेलं. त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून दोघांचं बोलणं ‘गॅस बंद केला का’ याच्या पुढे गेलं नव्हतं. आपल्याला म्हातारपणी दुभाष्याची नोकरी लागली, असं सासूबाई म्हणत.

तिने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. गालावरचा फेस न पुसताच त्यांनी पाहिलं.

“मग? एकाच चरात आहेत. उपकेंद्रापासून पंपघरापर्यंत, सबंध. मी उभं राहून टाकून घेतल्यात.”

“नकाशात वेगळ्या दाखवल्यात तुम्ही, बाबा.”

“रेघेवर रेघ मारली तर एकच दिसते. वाचता यावी म्हणून अर्धं बोट बाजूला काढायची. कडेला टीप आहे, हे अंतर मापात नाही.”

स्कॅन करताना कडा कापल्या गेल्या होत्या. अर्धं बोट मॉडेलने मापाने मोजलं, त्याचे ऐंशी मीटर झाले आणि दुसरी केबल मागच्या गल्लीतून गेली. दोन वर्षांत हे कधीही विचारता आलं असतं. पण आधी तोंड उघडायचं कुणी?

साहेबांना एवढं सांगाल का, असं तिने विचारलं.

“मला जिन्याखाली बसवलं तेव्हा कुणाला फोन सुचला नव्हता.”

“टेबल मी नव्हतं हलवलं.”

“हलवताना बघत तर होतीस.”

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. तिने नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि मोबाइल बेसिनच्या कडेवर ठेवला. सासऱ्यांनी सावकाश एक गाल पुरा केला, रेझर धुतला. साहेब हॅलो, हॅलो करत राहिले.

“साहेब, दोन्ही केबल सबंध अंतर एकाच चरात आहेत. नकाशा माझा आहे आणि तो बरोबर आहे. त्याच्या कडा कापणारी इथेच उभी आहे, तिला विचारा.”

साहेबांनी शटडाउन रद्द केला. मग सुनेला सांगितलं, लेखी खुलासा दुपारपर्यंत टेबलावर हवा आणि प्रत्येक रेघ तपासून होईपर्यंत तुमचं मॉडेल बंद. ती हो म्हणाली. चराजवळचं यंत्र मागे घ्यायचा निरोप तिनेच लाइनमनला दिला.

सासरे दुसऱ्या गालाला लागले होते. अशा रेघा आणखी किती आहेत, तिने विचारलं.

“पुष्कळ.”

“कुठे कुठे?”

“साहेबांचं पत्र येऊ दे, माझ्या हुद्द्यासकट. सुनेच्या सांगण्यावरून मी पेन्सिल उचलणार नाही.”

ती जेवणाच्या टेबलावर खुलासा लिहायला बसली. चूक माझी, असं पहिल्याच ओळीत लिहिलं. त्याखाली पत्र पाठवण्याची विनंती केली आणि त्यांचा हुद्दा पूर्ण लिहिला. हुद्द्याआधी ‘माजी’ घालायला ती विसरली नाही.